वाचकांचे प्रश्न : दुपारी बसायचे कोठे?

प्रश्न : मी ६३ वर्षांची असून माझे सारे संसारी आयुष्य सांगलीच्या गावभागातील वाड्यात गेले. २०१९च्या महापुरानंतर घरच्यांनी वाडा विकला आणि आम्ही विश्रामबागेत तिसऱ्या मजल्यावरील फ्लॅटमध्ये राहायला आलो. यजमान आता नाहीत. मुलगा आणि सून नोकरीनिमित्त पुण्याला असतात. पैशाची अडचण नाही, मुलाचा रोज फोन येतो, तरीही दुपारी जेवण आटोपल्यापासून दिवेलागणीपर्यंत घर खायला उठते. वाड्याच्या ओट्यावर भाजी निवडत बसले की येणारे-जाणारे थांबून दोन शब्द बोलत. येथे खाली उतरले की वॉचमन विचारतो, “काकू, रिक्षा बोलावू का?” देवळात तरी किती वेळ बसणार? मुलगा म्हणतो, एखादा छंद लावून घे. माझ्याच स्वभावात काही दोष आहे का?
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : आपल्या स्वभावात दोष असल्याचे पत्रावरून मुळीच जाणवत नाही. चिरंजीवांचा सल्ला मायेपोटी आला आहे, परंतु विणकाम काय किंवा वाचन काय, बंद दाराआड एकटीनेच करायचे असेल तर हात गुंततील, दुपार मात्र तशीच राहील. आपल्याला माणसे कमी पडलेली नाहीत. निमित्त न सांगता, कोणाचे आमंत्रण नसता आणि खिशाला तोशीस न लावता बसता येईल अशी जागा कमी पडली आहे. रे ओल्डेनबर्ग या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९८९च्या आपल्या पुस्तकात अशा जागांना ‘तिसरी जागा’ म्हटले. घर पहिली, कामाचे ठिकाण दुसरी आणि या दोहोंबाहेर जेथे नेहमीची माणसे सहज भेटतात ती तिसरी. त्याच्यासमोर कॅफे आणि केशकर्तनालये होती. आपल्याकडे हेच काम पार, कट्टे, घाट आणि ओटे करीत आले.

त्यातही एक फरक सांगायलाच हवा, कारण या विषयावर हळहळणारे बहुतेक लेख तो विसरतात. पार आणि कट्टा प्रामुख्याने पुरुषांचे होते. बायका भेटत त्या पाणवठ्यावर, गिरणीत दळणाच्या रांगेत, भजनी मंडळात, हळदीकुंकवाला आणि घराच्या ओट्यावर, म्हणजे बहुधा हातात काही काम असतानाच. नळ घरात आला, घरघंटी आली, भाजी दारात येऊ लागली. कष्ट वाचले हे उत्तमच झाले, पण त्या कष्टांच्या निमित्ताने होणाऱ्या भेटीही त्यांच्याबरोबर गेल्या आणि त्यांच्या जागी दुसरे काही उभे करण्याचे कोणाला सुचले नाही. नव्या इमारतीचा तळमजला वाहनांसाठी राखलेला असतो. तेथे मोटारीला हक्काची जागा असते आणि माणसाने नुसते उभे राहिले तरी रिक्षा बोलावण्याविषयी विचारणा होते.

सांगलीत याला पुराची जोड आहे. ऑगस्ट २०१९मध्ये कृष्णेवरील आयर्विन पुलाजवळ ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून पाणी ५७ फुटांवर गेले, २०२१मध्ये पुन्हा पूर आला, आणि ज्यांना शक्य होते त्यांनी उंचावरच्या भागात घरे घेतली. त्यांचा निर्णय शहाणपणाचाच होता. परंतु घर हलवता येते, तसा शेजार उचलून नेता येत नाही. शिवाय महापालिकेच्या विस्तारित भागातील कित्येक वसाहती गुंठेवारीने, म्हणजे मंजुरीविना जमिनीचे लहान तुकडे पाडून, उभ्या राहिल्या. तेथे रस्त्यालाच जेमतेम जागा सुटली, मग चौकाला आणि बागेला कोठून सुटणार? याउलट, जेथे मोठ्या भूखंडाचे रेखांकन (लेआउट) रीतसर मंजूर झाले आहे तेथे दहा टक्के जागा खुली ठेवावी लागते. आपल्या वसाहतीचे रेखांकन तसे असेल, तर ही जागा कोठे आहे आणि तिच्यावर सध्या गवत, राडारोडा की कोणाचे कुलूप आहे, याची चौकशी महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात अवश्य करावी. चार-पाच जणींच्या सह्यांचा अर्ज द्यावा आणि त्यात सावलीतील पाठ असलेले बाक, पिण्याचे पाणी आणि जवळपास स्वच्छ स्वच्छतागृह एवढ्याच गोष्टी मागाव्यात. स्वच्छतागृहाचा उल्लेख संकोचाने गाळू नये; ते नसेल तर आपल्या वयाच्या स्त्रिया बाहेर तासभरही बसत नाहीत आणि मग ‘बाक रिकामेच असतात’ असा शेरा मिळतो.

अर्जाचे उत्तर येईपर्यंत दुपार थांबणार नाही. म्हणून आठवड्यातील तीन वार ठरवून, ठरलेल्या वेळी इमारतीच्या फाटकाजवळच्या सावलीत खुर्ची टाकून बसावे. सचिवांना आधी कल्पना द्यावी म्हणजे कुजबुज होणार नाही. हातात मेथीची जुडी असू द्यावी, कारण काम करणाऱ्या बाईशी बोलायला कोणी बिचकत नाही. सुरुवातीला जुजबीच बोलणे होईल आणि लगेच मैत्री व्हावी अशी अपेक्षाही ठेवू नये. ओट्यावरची ओळखसुद्धा रोज दिसण्यातून, हळूहळूच घट्ट झाली होती. वाचनाची आवड असेल तर वाचनालयाचा मुक्तद्वार वाचन विभाग हे आजही विनाशुल्क बसण्याचे फार चांगले ठिकाण आहे. महापुरात सांगली नगर वाचनालयाच्या ग्रंथसंपदेची मोठी हानी झाली, तेव्हा गावाला जे दुःख झाले ते केवळ पुस्तकांसाठी नव्हते. ज्येष्ठ नागरिक संघांत पुष्कळदा पुरुषांचाच वावर अधिक असतो, तरी आपण सभासद व्हावे आणि स्त्रियांसाठी एक दुपार मागून घ्यावी.

एक गोष्ट मात्र वेगळी. झोप आणि भूक गेली असेल, किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर बाक शोधत न बसता डॉक्टरांना भेटावे अथवा ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर बोलावे. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइनही आहे.

प्रश्न : साताऱ्यात पोवई नाक्याच्या परिसरात माझे चहा-नाश्त्याचे हॉटेल आहे. वडिलांच्या काळी लोक एका चहावर पेपर वाचत तासन्‌तास बसत. आता भाडे, गॅस आणि कामगारांचे पगार पाहता ते परवडत नाही, म्हणून मी बाके काढून उभ्याने चहा पिण्याची टेबले लावली. जुनी गिऱ्हाइके नाराज आहेत आणि कॉलेजची मुलेही रेंगाळत नाहीत. माझे चुकले का?
— एक हॉटेलचालक, सातारा

उत्तर : हिशेबाच्या दृष्टीने चुकले नाही. गावाला बसायला जागा देणे हे नगरपालिकेचे काम असताना ते वर्षानुवर्षे आपल्या वडिलांसारख्यांनी एका चहाच्या किमतीत केले, आणि त्याची जाणीव गावाला आता होते आहे. तरीही सगळी बाके काढण्याची गरज होती का, याचा पुन्हा विचार करावा. सकाळी आणि संध्याकाळी टेबल अडणे परवडत नाही हे खरे, परंतु दुपारी तीन ते पाच या वेळात बहुतेक हॉटेले रिकामीच असतात. तेवढ्या वेळापुरती भिंतीलगत दोन बाके आणि एक वर्तमानपत्र ठेवल्यास गल्ल्यावर फारसा ताण येऊ नये. बाक पदपथावर टाकू नये, तो अतिक्रमणात जाईल. मुलांचा उल्लेख आपण केलात हे बरे झाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५च्या अहवालानुसार जगात दर सहा माणसांमागे एकाला एकाकीपणाची झळ बसते आणि तरुणांत हे प्रमाण अधिक आहे. म्हणजे ती मुले आणि आपली जुनी गिऱ्हाइके एकाच बाकाचे हक्कदार आहेत. ‘राजकीय चर्चा करू नये’ ही पाटी अद्याप भिंतीवर असेल तर दुपारपुरती उतरवावी. दोन महिने करून पाहावे, आणि तरीही तोटा दिसला तर बाके खुशाल उचलावीत.