वजन 58 आहे ते ठीक, पण कंबर मोजलीस का?

तुझा प्रश्न वाचला गं. आईचं वय 54, उंची पाच फूट, वजन 58, दोन महिने झाले जिना चढताना दम लागतोय, आणि घरचे म्हणतात ती कुठं जाड आहे, वय झालं आता. मी काय डॉक्टर नाही, पण सोलापुरात 26 वर्षं सिस्टर म्हणून ड्युटी केलीय, त्यातली निम्मी आयसीयूत, त्यामुळं वजन, कंबर आणि हार्ट यांचं बघितलेलं आणि वाचलेलं सांगते.

58 म्हणजे जाड नाही हे आधी डोक्यातनं काढ. पाच फुटाला 58 म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) 25 आला, आणि आपल्या लोकांना 23 च्या वर जादा वजन अन् 25 पासून लठ्ठपणा धरतात, तो 30 चा आकडा गोऱ्यांचा. पुण्याचे डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडचे दोस्त डॉ. युडकिन यांचा 2004 सालचा एक फोटो आहे बघ, दोघांचा बीएमआय 22.3, पण अंगातली चरबी एकाची 9 टक्के अन् आपल्या याज्ञिकांची 21! काटा दोघांना सारखंच दाखवतो.

म्हणून टेप घे, शिलाईचा असतो ना तोच. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध लावायचा, श्वास सोडल्यावर, पोट आत न ओढता (सगळ्या ओढतात!). बायकांना 80 सेंटीमीटर म्हणजे साडेएकतीस इंचाच्या पुढं गेलं की सावध व्हायचं. टेप नसला तर आईला विचार परकराची नाडी किती वर्षांपासून कमी पडतीय, कमरेवर नाडीचा काळा वळ उमटलाय का, ते पण एक मापच आहे.

आणि लग्नात वजन किती होतं तेही विचार. अमेरिकेत 1976 पासून सव्वा लाखाच्या आसपास नर्सेसचा अभ्यास चाललाय, आमच्याच बिरादरीतल्या, त्यात बीएमआय 29 च्या वर असलेल्या बायकांत हार्टचा धोका 21 च्या खालच्यांपेक्षा तिपटीहून जास्त निघाला. पण मला जास्त लागलं ते पुढचं, 18 व्या वर्षापासून 11 ते 19 किलो वाढलेल्यांत धोका जवळपास दुप्पट. आपल्याकडं 42 ची नवरी 58 ची होते आणि कोणाला काय वाटतच नाही, "बाळंतपणाचं अंग आहे" म्हणायचं आणि सोडायचं.

पाळी असेपर्यंत चरबी मांड्या-कुल्ल्यांवर बसते, ती तेवढी त्रास देत नाही. पाळी गेली की मुक्काम पोटात, आतड्यांभोवती, आणि तिथली चरबी सारखी लिव्हरकडं जाते, मग ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, वाढतं, चांगलं कोलेस्टेरॉल कमी होतं, साखर, बीपी सगळं एकामागं एक रांगेत. बीपी-साखर हिशोबात धरून बाजूला काढली तरी थोडा धोका वजनाचा म्हणून उरतोच.

आता माझ्या मोठ्या जाऊबाईंचं सांगते. गड्ड्याच्या यात्रेचे दिवस, घरात पाहुणे, त्यांचा जबडा आणि पाठ दुखायला लागली, घाम, मळमळ, छातीत काहीच नाही. सगळे म्हणाले कडक भाकरी अन् शेंगाचटणी बाधली, इनो दिला, एका दवाखान्यात पित्ताची गोळी दिली, दोन दिवस तसेच गेले. मी ड्युटीवर, आणि फोनवर मी स्वतः पण पित्तच म्हणाले हो. तिसऱ्या दिवशी ईसीजी काढला तेव्हा कळलं अटॅक होता, स्टेंट पडला. बायकांचा अटॅक सिनेमातल्यासारखा छाती धरून येईलच असं नाही.

तर या आठवड्यातच बीपी, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर), लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉलची तपासणी), हिमोग्लोबिन, थायरॉइड करून घ्या, दम रक्त कमी असल्यानं पण लागतो. झोपवून काढलेला ईसीजी नॉर्मल आला म्हणून घरी येऊ नका, टू-डी इको (हार्टची सोनोग्राफी) किंवा स्ट्रेस टेस्ट (पट्ट्यावर चालवून काढलेला ईसीजी) लागेल का ते विचारा. बसल्या जागी दम लागला, घाम फुटला तर रिक्षा शोधत बसायचं नाही, 108 लावायचा. तपासण्या होईपर्यंत आपल्या सोलापूरच्या कंबर तलावाला जोरात चालायला वगैरे नेऊ नकोस, चालणं डॉक्टर हो म्हटल्यावर.

आणि आई मिश्री लावते का ते तू लिहिलंच नाहीस, ती पण भाजलेली तंबाखूच. सकाळी मोरीपाशी डबी दिसती का बघ, आणि लावत असेल तर डॉक्टरांसमोर तूच सांग, त्या नाहीच म्हणणार.