चाळीस टक्क्यांत मिटवण्याआधी हप्ता कमी करून मागा

तुमची हकीकत दोनदा वाचली. नवीन वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. घरात दोघांचे मिळून महिन्याला ५२,००० येतात आणि देणी ३५,३०० ची आहेत. पर्सनल लोनची बाकी ४,१०,०००, हप्ता १४,२००. क्रेडिट कार्डावर १,८०,०००, किमान भरणा ९,०००. नाशिकच्या पतसंस्थेचे १,४०,०००, हप्ता ५,६००, जामीनदार साडू आणि कंपनीतला मित्र. शिवाय दोन ॲपचे मिळून २२,०००, हप्ता ६,५००. या महिन्यात दोन हप्ते बाउन्स झाले. कुणीतरी सांगितलं की तीन-चार महिने काहीच भरू नका, मग बँक स्वतःहून बाकीच्या ४० टक्क्यांत मिटवते, म्हणजे उरलेली रक्कम सोडून सेटलमेंट करते. हे करू का, असं तुम्ही विचारलंय.

नका करू. निदान आत्ता तरी नाही. हे मी पुस्तकी ज्ञानावर सांगत नाही. २०२० मध्ये माझी नोकरी गेली तेव्हा माझ्याकडे दोन कार्डं आणि एक कर्ज होतं. एक कार्ड मी सेटल केलं, कर्जाचा हप्ता बोलून कमी करून घेतला. दोन्ही रस्ते चालून पाहिलेत, आणि सेटलमेंटची किंमत मला तीन वर्षांनी कळली. ते पुढे सांगतो.

आधी कागद घ्या. कुणाला किती देणं आहे हे तुम्हाला पाठ आहे, पण महिन्याला किती देता येईल हे तुम्ही कुठेच लिहिलेलं नाही. बँकेशी बोलणी या दुसऱ्या आकड्यावर होतात. तुम्ही दिलेल्या खर्चावरून मी मांडलं: भाडं ११,०००, किराणा-गॅस-वीज १२,५००, मुलीची शाळा आणि जाणं-येणं ५,५००, आईची औषधं २,५००, फोन १,०००, अडीअडचणीला १,५००. झाले ३४,०००. उरतात १८,०००. म्हणजे दर महिन्याला १७,३०० ची तूट आहे, आणि ती तुम्ही ॲपवरून भरत होता. ॲप बंद केली की हप्ते बाउन्स होणारच होते. यात तुमचा निष्काळजीपणा नाही, साधी वजाबाकी आहे.

अडीअडचणीचे १,५०० खोडू नका. ते खोडून दिलेला शब्द पहिल्या तापाला मोडतो, आणि एकदा मोडलेल्या बोलीनंतर पुन्हा बोलायला बसवत नाहीत.

आता हे १८,००० कुणाला आधी? जो जास्त फोन करतो त्याला आधी द्यावंसं वाटतं, आणि तिथेच सगळे फसतात. माझ्या मते पतसंस्था पहिली. तिचे लोक शिव्या देत नाहीत, म्हणून ती मागे पडते. पण सहकारी संस्थेला वसुलीसाठी दिवाणी कोर्टात वर्षानुवर्षं जावं लागत नाही. सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली निबंधकांकडून वसुली दाखला मिळवला की जप्तीपर्यंत जाता येतं. आणि जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, ‘आधी त्याच्याकडून घ्या’ असं तो म्हणू शकत नाही. उद्या नोटीस साडूच्या घरी गेली तर त्या कर्जाचं व्याज तुम्ही आयुष्यभर प्रत्येक लग्नकार्यात भराल. ५,६०० चालू ठेवा. आणि साडूंना व मित्राला आजच फोन करून परिस्थिती सांगा. नोटिशीतून कळणं आणि तुमच्याकडून कळणं यात फार फरक आहे.

ॲपचे २२,००० ही सगळ्यात लहान आणि सगळ्यात त्रासदायक गोष्ट. ती ॲप कुठल्या नोंदणीकृत बँकेची किंवा एनबीएफसीची (बँक नसलेल्या वित्त कंपनीची) आहेत ते आधी बघा. रिझर्व्ह बँकेच्या साइटवर अशा ॲपची यादी आहे. असतील तर एखादी वस्तू विकून, बोनसमधून, दोन्ही एकदम बंद करा, म्हणजे महिन्याचे ६,५०० सुटतील. फोनमधली नावं-नंबर उचलण्याची परवानगी अशा ॲपना नाही. फोटो बिघडवून पाठवण्याच्या धमक्या आल्या तर ते कर्जाचं प्रकरण राहिलंच नाही, १९३० वर सायबर तक्रार करा.

राहिले १२,४०० आणि दोन मोठी देणी. कार्डाचं आधी बघू, कारण तिथे रक्त वाहतंय. तुमच्या स्टेटमेंटवर महिना ३.५ टक्के लिहिलंय. १,८०,००० वर ते ६,३०० होतात, त्यावर १८ टक्के जीएसटी १,१३४. म्हणजे तुम्ही पोटाला चिमटा काढून भरलेल्या ९,००० पैकी मुद्दलात जेमतेम १,५६६ जातात. ‘किमान भरणा’ हा शब्द मला त्यासाठीच आवडत नाही, ऐकताना तो सवलतीसारखा वाटतो. तर कार्डवाल्यांकडे एकच मागणी: कार्ड बंद करा आणि बाकी रकमेचं मुदत कर्ज करून द्या. १८ टक्क्यांनी पाच वर्षांचं केलं तर हप्ता साधारण ४,५७० बसतो. कार्ड चालू ठेवून ही मागणी करू नका, कुणी गंभीरपणे घेणार नाही.

पर्सनल लोनला मुदतवाढ मागा. तुमचा दर १४ टक्के आहे. ४,१०,००० पुन्हा पाच वर्षांवर पसरले तर हप्ता ९,५४० च्या आसपास येतो. दोन्ही मिळून १४,११०, आणि तुमच्याकडे १२,४००. तर पहिले सहा महिने पर्सनल लोनला ७,५०० आणि पुढे पूर्ण हप्ता, असं मागा. तोपर्यंत वहिनींच्या शिवणकामाचे दिवाळीचे पैसे आलेले असतील. एकूण व्याज जास्त जाईल, हे माहीत असूनच करायचं. बँक कदाचित १०,५०० म्हणेल. तुम्ही पुन्हा तोच कागद पुढे करायचा. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा साहेबाने जरा आवाज चढवल्यावर ‘बघतो, करतो’ म्हणून जास्तीचा आकडा कबूल करून आलो आणि दुसऱ्याच महिन्यात चुकलो. आकडा भावनेने वाढवायचा नसतो.

वेळेचं भान ठेवा. हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की खातं एनपीए, म्हणजे बुडीताच्या वाटेवरचं, धरलं जातं. त्याआधी बँकेलाही ते वाचवण्यात रस असतो, म्हणून मुदतवाढीची बोलणी याच खिडकीत होतात. नंतर खातं वसुलीकडे जातं आणि तिथे ‘एकरकमी किती देता’ एवढाच प्रश्न उरतो. तीन महिने गप्प बसायचा सल्ला देणारा तुम्हाला नेमकी हीच खिडकी बंद करायला सांगतोय. हप्ता-मुदत बदलून घेण्याची, म्हणजे पुनर्रचनेचीही नोंद क्रेडिट अहवालात होते, तीही चांगली दिसत नाही, पण ‘सेटल्ड’पेक्षा बरी.

बोलायचं कुणाशी? फोनवरच्या मुलाशी नाही. त्याला एक रुपयाही कमी करायचा अधिकार नसतो, त्याला आजचा आकडा भरून हवा असतो. शाखेत अर्ज द्या, पोच घ्या, आणि तोच अर्ज बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा. अर्ज एका पानाचा हवा. माझा असा होता:

‘माझे उत्पन्न अमुक महिन्यापासून कमी झाले आहे. पगारपत्रक व घरखर्चाचा तक्ता जोडला आहे. सर्व देणेकऱ्यांची यादी सोबत आहे. मला दरमहा इतके रुपये नियमित भरता येतील. मुदत वाढवून हप्ता त्याप्रमाणे करावा व दंडात्मक आकार माफ करावा ही विनंती. निर्णय लेखी कळवावा.’

रडगाणं नको, आजारपणाचे फोटो नकोत. सगळ्या देणेकऱ्यांची यादी मात्र जरूर जोडा. एकाला लपवून दुसऱ्याला जास्त देतोय असा संशय आला की बोलणी संपतात. कर्जावरच्या दंडाबद्दल एक मुद्दा हातात ठेवा: २०२३ च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकानुसार दंड व्याजात मिसळता येत नाही आणि दंडावर पुन्हा व्याज लावता येत नाही. कार्डांना तो नियम लागू नाही.

उत्तर येईपर्यंत ठरवलेली रक्कम भरत राहा. सहा महिने न चुकता भरलेले ७,५०० हे कुठल्याही अर्जापेक्षा मोठं बोलतात.

एक काम याच आठवड्यात करा. तुमचं पगाराचं खातं आणि कार्ड एकाच बँकेत आहे असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. पगार दुसऱ्या बँकेत वळवा. बँक आपल्या येण्यासाठी त्याच बँकेतल्या तुमच्या खात्यातली रक्कम अडवू शकते. माझ्या एक तारखेच्या पगारावर अशीच अडवणूक (बँकेच्या भाषेत लिएन) लागली होती आणि त्या महिन्याचं दूध उधारीवर आणलं. पण हप्त्याचं खातं रिकामं सोडून पळू नका. चेक न वटल्यास निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याचं कलम १३८ आणि ऑटो-डेबिट न वटल्यास पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याचं कलम २५, दोन्हींत फौजदारी खटला होऊ शकतो. म्हणून हप्त्याच्या तारखेआधी लेखी कळवायचं.

बाकी ‘उद्या पोलीस उचलतील’ हे वसुली एजंटचं ठरलेलं वाक्य. कर्ज थकणं हा दिवाणी मामला आहे. व्हॉट्सॲपवर येणारी वॉरंटं बहुतेक घरगुती छपाईची असतात. तरी कोर्टाचं नाव आणि केस नंबर असेल तर ई-कोर्ट्सच्या साइटवर तपासा, आणि खरं समन्स असेल तर हजर राहा. लोक अदालतीची नोटीस आली तर घाबरू नका, ती तडजोडीची जागा आहे, पटलं नाही तर ‘नाही’ म्हणून उठून येता येतं. पण तिथे सही केलेला निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा असतो आणि त्यावर अपील नाही, तेव्हा आकडा घरून ठरवून जा. स्त्रियांना उत्पन्न कितीही असलं तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. एखादं कर्ज वहिनींच्या नावावर असेल तर उपयोगी पडेल.

एजंटांना सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही. नातेवाइकांना, मित्रांना छळणं, चारचौघांत अपमान करणं हेही बंद आहे. तारीख-वेळ लिहून ठेवा, आधी बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जाता येतं, फुकट. पतसंस्था मात्र त्यात येत नाही, तिची तक्रार सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे.

आता सेटलमेंटबद्दल. २०२२ मध्ये मी १,३५,००० चं कार्ड ६०,००० ला मिटवलं. त्या दिवशी पेढे आणले. २०२५ मध्ये घराचं कर्ज मागायला गेलो, तर अहवालात त्या ओळीपुढे ‘सेटल्ड’. पगार चांगला, बाकी सगळं वेळेवर, तरी दोन ठिकाणी नकार. शेवटी त्याच कार्डवाल्यांकडे जाऊन सोडलेली रक्कम भरली, नवीन ना-देय दाखला घेतला आणि मग ती ओळ ‘क्लोज्ड’ झाली. म्हणजे वाचवलेले ७५,००० तीन वर्षांनी परत दिले. शिवाय तडजोड केलेल्या कर्जदाराला त्याच संस्थेने किमान १२ महिने नवीन कर्ज देऊ नये, असं रिझर्व्ह बँकेची २०२३ ची चौकट सांगते. आणि सेटलमेंट हा तुमचा हक्क नाही. टक्का बँकेच्या धोरणावर ठरतो, ४० चा कुठलाही नियम नाही.

तरीही नोकरीच गेली, घरात मोठं आजारपण आलं, तर सेटलमेंटला लाजू नका, त्यासाठीच ती आहे. फक्त पैसे हातात असल्याशिवाय बोलू नका, हप्त्यांतली सेटलमेंट एक हप्ता चुकला की रद्द होते. बँकेच्या लेटरहेडवर खाते क्रमांक, रक्कम, तारीख आणि ‘उर्वरित रक्कम माफ, काही देणे शिल्लक नाही’ असं लिहून आल्याशिवाय एक रुपया भरू नका. भरायचे ते कर्जखात्यातच, एजंटच्या यूपीआयवर नाही. ‘आम्ही तुमच्या वतीने मिटवतो’ म्हणणाऱ्या कंपन्या आगाऊ फी घेतात आणि हप्ते भरू नका सांगतात. वर लिहिलेला अर्ज तुम्ही स्वतः देऊ शकता, त्याला फी पडत नाही.

ॲपची नावं आणि बाउन्स झालेल्या दोन हप्त्यांच्या तारखा इथे टाका. ९० दिवस नेमके कधी भरतात ते मोजू आणि अर्जाचा मसुदा तुमच्या आकड्यांवर बसवून देतो. खाते क्रमांक मात्र टाकू नका.