नववी-दहावीच्या मुलांचा कादंबरी वाचनाचा गट काढायचाय. पुस्तकं कोणती घ्यावीत आणि मुलं मोकळेपणी मत कशी सांगतील?

तुम्ही लिहिलंय की सोसायटीतल्या मुलांना हल्लीच्या, खऱ्या आयुष्यावरच्या मराठी कादंबऱ्या द्यायच्या, महिन्यातून एकदा बोलायला बसवायचं, आणि ‘मार्गदर्शनासाठी एखाद्या ज्येष्ठ साहित्यिकाला बोलवावं का?’ शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही. अजिबात नाही. बाकीचं जमेल तसं सांगते.

मी बुलढाणा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल होते. ब वर्ग वाचनालय, म्हणजे अनुदान येईल तेव्हा पगार. शाळा सुटली की मुलं पंख्याखाली बसायला यायची. पंखा फुकट मिळतो म्हणून आलेल्या मुलांच्या हातात पुस्तक कसं द्यायचं, यात माझी बरीच वर्षं गेली, तेव्हा थोडं बोलायचा हक्क आहे असं समजते.

आमच्याकडे मुलांना कादंबरी द्यायची म्हटलं की आईवडील ठरलेल्या तीन मागतात: ‘मृत्युंजय’, ‘स्वामी’, ‘ययाति’. चांगल्याच आहेत, माझं काही म्हणणं नाही. पण ‘मृत्युंजय’ वाचून आलेल्या मुलाला विचारा कसं वाटलं, तर तो म्हणतो कर्णावर अन्याय झाला. दुसराही तेच म्हणतो. तिसराही. या विषयावर महाराष्ट्रात १९६७ पासून एकमत आहे, मग गटात बसून बोलायचं काय? मतं फुटतात ती ज्या पुस्तकात आपल्या गल्लीतली माणसं दिसतात तिथं. म्हणून तुमचा विचार मला पटला.

आता ती गोष्ट सांगते, जिच्यामुळे हे उत्तर लिहायला बसले.

सदानंद देशमुखांची ‘बारोमास’ तुम्हाला माहीत असेल. २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार. लेखक आमच्याच जिल्ह्यातले, त्यामुळे वाचनालयात तिच्या प्रती होत्या आणि सगळ्या झिजलेल्या होत्या. एकनाथ एम.ए. झालेला, संस्थेत भरायला पैसे नाहीत म्हणून नोकरी नाही, मग शेती. शेती पिकत नाही, पिकली तर भाव नाही. धाकटा मधू वेगळ्याच वाटेला लागलेला. बायको अलका शहरातली, तिला हे सोसत नाही आणि ती माहेरी जाते. आमच्या दहावीतल्या काही पोरांनी ही जाड कादंबरी एकमेकांच्या हातातून ओढून वाचली. मी वाचा म्हटलं नव्हतं. एकीनं वाचली, तिनं दुसरीला अलकाबद्दल सांगितलं, दोघींचं भांडण झालं, भांडण निस्तरायला तिसरीनं वाचली.

मी काय केलं, तर पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर एक कागद डकवला. वर लिहिलं: ‘वाचून झालं असेल तर खाली एक ओळ. नाव नको.’ एवढंच. तो कागद भरला, मग दुसरा डकवला. काही ओळी अजून पाठ आहेत. ‘पहिली पन्नास पानं धीर धरा.’ त्याखाली: ‘एकनाथ नुसता विचार करते, करत काहीच नाही.’ त्याखाली हिरव्या पेनानं: ‘तू करून दाखव मंग शेती.’ मग कुणीतरी: ‘आमच्या घरी हेच चालते रोज. पुस्तकात काऊन वाचू?’ आणि त्याला बाण काढून उत्तर: ‘दुसऱ्याच्या घरी बी तेच चालते हे कळते म्हणून.’

मराठीच्या कुठल्याही मासिकात या कादंबरीवर जे छापून आलं असेल ते असेल. मला ही पाच वाक्यं पुरेशी आहेत.

मग आला १५ ऑक्टोबर. अब्दुल कलामांचा वाढदिवस, २०१५ पासून आपल्याकडे वाचन प्रेरणा दिन. समितीनं ठरवलं ‘मी वाचलेले पुस्तक’ अशी वक्तृत्व स्पर्धा घ्यायची आणि परीक्षक म्हणून एका निवृत्त प्राध्यापकांना बोलवायचं. शाल, श्रीफळ, हार, सगळं रीतसर. अलकावरून भांडणाऱ्या दोघींतली एक मुलगी बोलायला उभी राहिली. कागद हातात नव्हता. म्हणाली, ‘‘सगळे म्हणतात अलका वाईट आहे, नवऱ्याले सोडून गेली. तिले नोकरीवाला मिळीन म्हणून देलं असीन अन् निघाला शेतकरी. तिले कोणी विचारलं होतं का? एकनाथच्या मनात काय चालू आहे ते पानंच्या पानं आहे. अलकाच्या मनात काय चालू आहे ते किती पानं आहे?’’

पोरं एकदम गप्प झाली आणि मागच्या बाकावरच्या मुली हसल्या. हसू टर उडवण्याचं नव्हतं, ‘बोलली बघ!’ असं होतं.

परीक्षकांनी तिला तिथंच थांबवलं. माईक हातात घेऊन म्हणाले, ‘‘बाळ, ही अकादमीनं गौरवलेली कलाकृती आहे. लेखकानं शेतकऱ्याचं दुःख मांडलंय, ते तुझ्या लक्षात आलेलं नाही. आधी समज येऊ दे, मग मत येईल.’’ मुलगी खाली बसली. पहिलं बक्षीस गेलं एका मुलाला, त्यानं मलपृष्ठावरचा मजकूर हातवारे करून म्हटला होता. मलपृष्ठ मी रोज बघते, स्वल्पविरामासकट ओळखू आलं.

शेतकऱ्याचं दुःख तिच्या लक्षात आलं नाही म्हणे! तिच्या घरची जमीन कोरडवाहू, बाप सोयाबीन विकायला बाजार समितीत रात्रभर ट्रॅक्टरवर झोपणारा. तिला ते दुःख पुस्तकातून समजून घ्यायची गरजच नव्हती. तिला पुस्तकात जे कमी दिसलं ते ती सांगत होती. याला मराठीत समीक्षा म्हणतात, आणि प्राध्यापक मंडळी त्यावर परिसंवाद भरवतात.

चहाच्या वेळी मी सरांना हे बोलून दाखवलं. ते म्हणाले, मुलांना शिस्त हवी, नाहीतर उद्या कुणीही उठून कशालाही नावं ठेवेल. मी म्हटलं, ठेवू द्या की. नावं ठेवायला तरी पुस्तक शेवटपर्यंत वाचावं लागतं. त्यावर अध्यक्षांनी मला डोळ्यांनी खुणावलं आणि नंतर समितीच्या बैठकीत ‘पुस्तकांत कागद डकवून वाचनालयाच्या मालमत्तेचं विद्रूपीकरण’ असा विषय आला. मी कागद काढले नाहीत. बाकीचं जाऊ दे.

समज आधी की मत आधी, या वादात माझं म्हणणं तेव्हाही हेच होतं: पोहायला शिकल्याशिवाय पाण्यात उतरू नकोस, असं म्हणण्यासारखं आहे ते. शाळेत आधीच मुलांना दहावीच्या कवितेच्या रसग्रहणासाठी आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये असे तीन कप्पे पाठ करून घेतात. कवितेला गुण मिळवायला ठीक आहे. पण तीच मुलं कादंबरीवर बोलायला आली की ‘या कादंबरीतून आपल्याला असा बोध मिळतो की’ इथून सुरुवात करतात, कारण समोर मोठं माणूस बसलंय. मोठं माणूस उठून गेलं की तीच पोरं म्हणतात, शेवट फालतू आहे. दुसरं मत खरं. तुम्हाला ते ऐकायचं असेल तर साहित्यिक बोलवू नका, स्वतःही कोपऱ्यात काहीतरी काम घेऊन बसा. मी शिक्के मारत बसायचे. डोकं खाली, कान उघडे.

पुस्तकांचं विचारलंत. मिलिंद बोकिलांची ‘शाळा’ पहिली घ्या. २००४ ची आहे, गोष्ट आणीबाणीच्या काळातली, पण नववीचा वर्ग आहे तसाच आहे. मुलं ती एका बैठकीत संपवतात आणि आपापसांत सुऱ्या कोण, फावड्या कोण हे वाटून घेतात. गोष्ट सांगतो तो जोशी, आणि त्याला आवडणारी मुलगी शिरोडकर. आमच्या कागदावर मुलींनी लिहिलं होतं: ‘शिरोडकरला काय वाटते ते कुठंच नाही, सगळं जोशीच सांगते.’ त्याखाली मुलाचं अक्षर: ‘तो नववीत आहे, त्याले कसं कळणार?’ त्याखाली: ‘आम्ही पण नववीतच आहो.’ हा वाद तुमच्या गटात नक्की होईल, होऊ द्या. आणि कुणीतरी विचारेल आणीबाणी म्हणजे काय. तेव्हा लगेच सांगू नका, घरी आजोबांना विचारायला पाठवा. आमच्या एकानं विचारलं तर घरात आजोबा आणि चुलतआजोबांचं पुन्हा सुरू झालं, १९७७ सालापासून थांबलेलं.

सुनीता बोरडे यांची ‘फिंद्री’ मुलींना द्या, आणि मुलांना तर द्याच. मुलीनं शिकावं म्हणून एक दलित आई घरादाराशी, दारुड्या नवऱ्याशी झगडते, मराठवाड्यातलं गाव आहे. शहरातल्या मुलांना बोली पहिली थोडी अडते, मग सुटते. आनंद यादवांची ‘झोंबी’ १९८७ ची, हल्लीची म्हणता येणार नाही, पण शिकण्यासाठी बापाशी उभा दावा मांडणारा मुलगा आजही मुलांना जवळचा वाटतो. शिरवळकरांची ‘दुनियादारी’ मुलं स्वतःच मागतील, सिनेमामुळे. नाक मुरडू नका. तिच्यावर पोटतिडकीनं बोलणारा मुलगा पुढे दुसरं पुस्तक घेतो, हे मी काउंटरच्या या बाजूनं पाहिलंय. प्रणव सखदेव यांची ‘काळेकरडे स्ट्रोक्स’ मात्र कॉलेजात गेल्यावर. तिला साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळालाय म्हणून वय विसरू नका.

एका वेळी एकच पुस्तक सगळ्यांनी वाचायचं असा नियम शहरी गटात असतो. माझा विरोध आहे. ते परत शाळेचा धडा होतं. दोन-तीन फिरती ठेवा, ज्याला जे लागेल ते. अर्धं सोडलं तरी चालेल, फक्त कुठल्या पानावर सोडलं ते सांगायचं. सोडलेल्या पानावरून जेवढं बोलणं निघतं तेवढं संपवलेल्या पुस्तकावरून निघत नाही. आणि व्हॉट्सॲप ग्रुप काढू नका. पहिल्या आठवड्यात एखादी आई त्यात ‘छान बाळा, असेच वाचत राहा’ लिहिते आणि ग्रुप मरतो.

काही जण म्हणतील, हे गावातलं झालं, शहरातल्या मुलांना ‘बारोमास’मध्ये काय रस? असेल किंवा नसेल. नसेल तर त्यांनी ‘रस नाही’ असं सांगावं, तेही मतच आहे. अलकाला शहरात वाढलेल्या मुली अधिक समजून घेतील असं मला उगाच वाटतं.

एक गोष्ट आधी सांगायला हवी होती, राहून गेली. ‘बारोमास’ सगळ्यांना देऊ नका. ज्या घरात कर्जाचा, शेतीचा प्रसंग ताजा आहे त्या मुलानं स्वतःहून घेतली तर घेऊ द्या, पण हातात कोंबू नका आणि बोल म्हणून आग्रह तर मुळीच नको. आमच्या गटात एक मुलगा दर वेळी यायचा, ऐकायचा, बोलायचा नाही. त्याला कुणी विचारलं नाही, आणि ते बरं झालं. तसंच ‘मोकळेपणी बोला’ म्हणजे एकमेकांच्या घरावर बोला असा अर्थ पोरं घेतात, विशेषतः दारू आणि हुंड्याच्या गोष्टी निघाल्या की. तिथं मात्र शिक्का बाजूला ठेवून मधे पडावं लागतं. पात्रावर हवं ते बोल, शेजारच्याच्या बापावर नाही. आणि मी परीक्षकांना जेवढं बोलले तेवढं तुम्ही बोलू नका, तुम्हाला सोसायटीत राहायचंय.

सरांचं एक म्हणणं मात्र मान्य करते, की मुलं वाचल्याशिवायही मत ठोकतात. सिनेमा बघून ‘शाळा’वर बोलणारे पुष्कळ भेटतील. त्यावर सोपा उपाय आहे: पुस्तकातली एक जागा दाखव म्हणायचं. वाचणारा पटकन पान काढतो, न वाचणारा पाणी प्यायला जातो. बक्षीस ठेवू नका, बक्षीस आलं की मलपृष्ठ आलं.

कागदाची युक्ती करणार असाल तर पुस्तकं वाचनालयाची नकोत, स्वतःची विकत घ्या, नाहीतर तुमच्यावरही विद्रूपीकरणाचा विषय येईल. आणि डकवताना खळ वापरा. फेविकॉलनं पान आखडतं आणि शेवटचं प्रकरण वाचताना पुस्तक नीट उघडत नाही.