ग्रामसभेत हसू झालं, पुन्हा जावं का?

"१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत पाण्याच्या टाकीबद्दल विचारायला उभा राहिलो, तर सरपंच म्हणाले, 'आधी घरपट्टी भरलीस का?' सगळे हसले. आम्ही वीसेक पोरं आहोत, पुन्हा जाण्यात अर्थ आहे का?" असं तू विचारलंयस. वय २३ लिहिलंयस म्हणून सरळ अरेतुरे करतोय, राग मानू नकोस.

आधी घरपट्टी, पाणीपट्टी भरून टाक आणि पावती खिशात ठेव. कायद्याने तिचा बोलण्याशी काही संबंध नाही. गावच्या मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक जण ग्रामसभेचा सदस्य, मग तो थकबाकीदार का असेना. पण टोमणा मारायची सोय ठेवायचीच कशाला? शिवाय उद्या सदस्यपदाला उभं राहायचं ठरवलंस तर थकबाकी अंगाशी येते. आणि त्या वीस जणांची नावं यादीत आहेत का ते आजच बघ. पुण्याला कामाला गेलेल्यांची बऱ्याचदा नसतात. आता नोंदणीसाठी १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा धरतात, त्यामुळे नुकत्याच १८ पूर्ण झालेल्याला वर्षभर ताटकळावं लागत नाही. नमुना ६ भरून बीएलओकडे, म्हणजे मतदार यादीचं काम बघणाऱ्या तुमच्या भागातल्या कर्मचाऱ्याकडे, द्यायचा.

आम्ही तुझ्यापेक्षा वाईट आपटलो होतो. २६ जानेवारी, झेंडावंदन उरकून मारुतीच्या देवळात सभा. रजिस्टर आधीच फिरलं, आम्ही बारा जणांनी ऐटीत सह्या ठोकल्या. मग अर्धा तास गटारीवरून भांडलो. ग्रामसेवक शांतपणे मान डोलवत होते. दोन महिन्यांनी इतिवृत्ताची नक्कल काढली, तर गटारीचा शब्द नाही. उलट चार ठराव 'सर्वानुमते मंजूर', पुराव्याला आमच्याच सह्या. एका ठरावाचा अनुमोदक म्हणून आमच्या अशा मित्राचं नाव होतं, जो त्या वेळी समोरच्या टपरीवर चहा पीत होता!

तेव्हापासून आम्ही भांडणं कमी केलं आणि लिहून द्यायला लागलो. सभेची नोटीस निघायच्या आधी विषय लेखी द्यायचा, दोन प्रतींत, एकीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्यायची. नाहीतर तो 'आयत्या वेळचे विषय' मध्ये ढकलतात आणि तोवर निम्मे लोक उठून गेलेले असतात. तक्रार लिहू नकोस, ठरावच लिहून दे: 'टाकी दर तीन महिन्यांनी धुवावी व धुतल्याची तारीख टाकीवर रंगवावी.' सूचक तू हो, पण अनुमोदक बचत गटातली एखादी मावशी शोध. नेहमीच्या सभेआधी महिलांची ग्रामसभा घ्यावी लागते. पाण्याचा विषय तिथून पुढे आला तर हसायची कुणाची टाप नाही.

वीस जण कमी वाटतात? कोरम, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातला जो आकडा कमी तो. चारशे मतदारांच्या गावात साठ. म्हणजे तिसरा हिस्सा तुमचाच. मात्र कोरमअभावी सभा तहकूब झाली म्हणून घरी जाऊन झोपू नका. तहकूब सभेला कोरम लागत नाही, आणि नको ते ठराव तिथेच पाच-दहा टाळक्यांत निघतात.

'निधी नाही' हे उत्तर येणारच. त्याआधी मोबाइलवर ई-ग्रामस्वराज हे सरकारी पोर्टल उघडून गावाचा विकास आराखडा आणि झालेला खर्च बघून ठेव. १५ व्या वित्त आयोगाच्या निधीतला ६० टक्के वाटा पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित, म्हणजे फक्त त्याच कामांसाठी राखून ठेवलेला होता, तो कुठे गेला ते थंड डोक्याने विचार. माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांच्या कोर्ट फी तिकिटात होतो, ३० दिवसांत उत्तर यायला हवं. पण ते हत्यार लगेच काढू नकोस. गावात अर्ज टाकणाऱ्या पोराला 'हा अमक्या गटाचा' असा शिक्का बसायला दोन दिवस पुरतात.

गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाची 'आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा सगळ्यांना पाठ असते. तिच्यामागचा अभ्यासगट मात्र फारसं कुणी उचलत नाही. लोक आधी बसून विषय समजून घेतात, मग ग्रामसभेत सर्वसहमतीने ठरतं. तुमचं गणपती मंडळ वर्गणीचा हिशोब पैशापैशाने ठेवत असेलच. तीच पोरं, तीच वही, महिन्यातून एक संध्याकाळ. बाकी सोड, वर्षभर फक्त टाकी धरा.

आमची गटार व्हायला अडीच वर्षं लागली. वळणावरचा तुकडा अजून उघडाच आहे, कारण तिथे दोन भावकींचा बांधाचा वाद आहे आणि तो कुठल्या ठरावाने मिटत नाही.

२ ऑक्टोबरच्या सभेसाठी सप्टेंबरच्या मध्याआधी अर्ज दे. मसुदा इथे टाकलास तर रात्री बघून देतो.