बाळाला घेऊन एकटी निघणार असशील तर

तुझा प्रश्न वाचला. नवरा पुढे परदेशी गेलाय, बाळ आठ महिन्यांचं आहे, त्याचं वर्ष भरायच्या आत निघावं की नंतर, मधे विमान बदलायचंय, रडलं तर काय करायचं. आणि सगळ्यात शेवटी, जाता जाता विचारावं तसं, ‘बाकी तिकडे करमतं का?’ उत्तर लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. मीही अशीच आले होते, मुलीला कडेवर घेऊन, नवरा आधीच इकडे. ती आता शाळेत जाते. तुला एकेरीत लिहितेय, चालेल ना?

व्हिसाचं, सामानाच्या वजनाचं काही सांगत नाही. ते सरकारी आणि विमान कंपनीच्या पानांवर असतं आणि दर थोड्या दिवसांनी बदलतं.

आधी वर्षाच्या आत की नंतर. माझं विचारशील तर पावलं टाकायला लागायच्या आत. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला मांडीवर नेता येतं हे खरं, पण दीड वर्षाचं मूल मांडीवर बसत नाही, त्याला विमानाच्या शेपटापर्यंत चालत जाऊन यायचं असतं. शिवाय बॅसिनेट. म्हणजे समोरच्या भिंतीला अडकवतात तो पाळणा. त्याला वजनाची आणि लांबीची मर्यादा असते, काही कंपन्यांत वयाचीही. बऱ्याच कंपन्यांची दहा-अकरा किलोच्या आसपास. भिंतीसमोरच्या जागा मोजक्या, पाळणे त्याहून मोजके, आणि फोनवर ‘नोंद केली आहे’ असं सांगितलं तरी ती विनंतीच असते, हमी नव्हे. चेक-इन सुरू होताच काउंटरवर उभी राहा.

त्या जागेची दुसरी बाजू कुणी सांगत नाही. तिथे समोर सीट नसते, त्यामुळे विमान उडताना आणि उतरताना पायाशी पिशवी ठेवू देत नाहीत, सगळं वरच्या कप्प्यात. म्हणजे नेमकी बाटली हवी असते तेव्हाच बाटली वर. टेबल हाताच्या दांड्यात असतं, म्हणून दांडे वर होत नाहीत आणि बाळाला आडवं घेता येत नाही. आणि हवा खराब होऊन सीटबेल्टचा दिवा लागला की झोपलेलं बाळ पाळण्यातून उचलून मांडीवर घ्यावंच लागतं. एवढ्या मेहनतीने झोपवलेलं! तरी पाळणा घेच. थोडा वेळ का होईना, हात मोकळे होतात, आणि एकटीने प्रवास करताना तेवढ्यात बाथरूमला जाऊन येता येतं. बाटली, एक फडकं, एक डायपर आणि बाळाचा एक कपड्यांचा जोड असं सगळं मोठ्या खिशांच्या जाकिटात भर. तुझाही एक जादा कुर्ता हातातल्या पिशवीत ठेव. बाळाचे कपडे सगळ्यांना आठवतात, आईचे कुणाला आठवत नाहीत.

कानांचं. केबिनमधली हवा साधारण सहा ते आठ हजार फुटांवर असते तेवढी विरळ ठेवलेली असते. वर जाताना कानातली जास्तीची हवा आपसूक बाहेर पडते. उतरताना ती परत आत शिरावी लागते, आणि बाळाच्या कानापासून घशाकडे जाणारी नळी अरुंद आणि जवळजवळ आडवी असते, म्हणून दडे बसतात ते जास्त करून उतरतानाच. गिळलं की ती नळी उघडते. म्हणून उतरताना पाज, अंगावर किंवा बाटलीने, नाहीतर चोखणी दे. मात्र विमान खाली यायला सुरुवात उतरण्याच्या अर्धा तास आधीच होते. शेवटच्या घोषणेची वाट बघितलीस तर तोवर बाळ पोटभर पिऊन बसलेलं असतं किंवा किंचाळत असतं. बाळाला सर्दी किंवा कानाचा त्रास असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना दाखव. आणि कुणी झोपेचं औषध पाजायला सांगितलं तर नको. सर्दीच्या ज्या औषधांनी झोप येते म्हणतात, त्यांनी काही बाळं उलट चेकाळतात, आणि श्वासावर परिणाम होण्याची भीती वेगळीच.

हातातल्या सामानातल्या पातळ पदार्थांना असते ती १०० मिलिलिटरची अट बाळाच्या दुधाला लागत नाही, बाळासाठी लागेल तेवढं नेऊ देतात, पण तपासणीत आपणहून वेगळं काढून दाखव. विमान बदलताना बहुतेक ठिकाणी पुन्हा तपासणी होते, तेव्हा पुन्हा तेच. बाबागाडी विमानाच्या दारात घेतात, पण मधल्या विमानतळावर ती दारातच परत मिळेल की थेट शेवटी, हे देतानाच विचार. नाहीतर दूरचं गेट, हातात पिशवी, कडेवर बाळ. पोटाशी बांधायची झोळी म्हणूनच जवळ असू दे.

रडण्याचं? रडेल. बाकीचे प्रवासी पुन्हा कधी भेटत नाहीत. पुढे.

कागदांवर मात्र थांबते, कारण माझा राग अजून गेलेला नाही. एकटी पालक म्हणून निघतेस, तेव्हा बाळाच्या वडिलांचं संमतिपत्र, नोटरी केलेलं, बरोबर ठेव. बाप तिकडेच बसलाय, त्याच्याकडेच चाललोय, तरीसुद्धा. एका पालकाच्या संमतीशिवाय मूल देशाबाहेर नेण्याच्या प्रकारांसाठी १९८० चा हेग करार आहे, त्यामुळे सीमेवरचा अधिकारी विचारू शकतो. तो विचारतो ते बरोबरच आहे, हे मला आज कळतं. तेव्हा, रात्रभर न झोपता, बाळाचा वास येणाऱ्या कपड्यांत उभं राहून, ‘वडिलांना माहीत आहे का?’ हे ऐकताना काय वाटतं ते सांगत नाही.

लसीकरणाचं पुस्तक. निघण्याआधी आजच उघडून बघ. आमच्या पुस्तकात पहिल्या लसींपुढे मुलीचं नाव नव्हतं, ‘बेबी ऑफ’ आणि पुढे माझं नाव. एका तारखेवर शिक्का असा उमटलेला की महिना दिसेना. इकडच्या दवाखान्यातल्या बाईंनी ते पान उलटंपालटं करून विचारलं, हे याच बाळाचं कशावरून? त्यांच्या लेखी ज्या लसींची नोंद वाचता येत नाही त्या दिलेल्याच नाहीत. काही पुन्हा टोचल्या. पुन्हा दिल्याने अपाय होत नाही असं त्या समजावून सांगत होत्या, आणि मी मुलीचे पाय धरून बसले होते. म्हणून डॉक्टरांकडून एक स्वच्छ छापील पत्र घे: पासपोर्टवरचं पूर्ण नाव, जन्मतारीख, प्रत्येक लस, तारीख, सही. गोवराच्या लसीचंही विचार. परदेशी जाणाऱ्या बाळांना ती सहा महिन्यांनंतर, नेहमीच्या वेळेआधीच द्यायचा सल्ला काही ठिकाणी देतात, पण तो डोस जादा धरतात, ठरलेले पुढे घ्यावेच लागतात. हेच पत्र काही वर्षांनी शाळेत मागतात, म्हणून जपून ठेव.

शाळेचं तू विचारलेलं नाहीस. आठ महिन्यांच्या बाळाच्या आईला ते कशाला सांगायचं? पण आलंच ओघात. तुला वाटत असेल की इतकं लहान मूल नेलं म्हणजे ते तिथलंच होऊन वाढेल, शाळेत काही अडचण येणार नाही. मलाही तसंच सांगितलं होतं सगळ्यांनी. मुलगी शाळेत गेली आणि पहिले काही महिने बोललीच नाही. घरी अखंड बडबड, तिथे गप्प. बाईंनी बोलावून अतिशय प्रेमाने विचारलं, घरी कोणती भाषा बोलता? आणि मग, शक्य असेल तर शाळेची भाषा बोलत जा, तिचं भलं होईल. दोन भाषांमुळे मुलांचं बोलणं मागे पडत नाही, हे आता कुणीही वाचातज्ज्ञ सांगेल. नवी भाषा कानावर पडणारी मुलं काही काळ गप्प राहतात, हेही नेहमीचंच. पण त्या छोट्या खुर्चीवर गुडघे छातीशी घेऊन बसलेली मी ‘हो, बघते’ म्हणाले. मुलगी पुढे बोलायला लागली, छान बोलते. मी मराठीत विचारते, ती त्यांच्या भाषेत उत्तर देते. बाईंचं ते ‘शाळेची भाषा बोलत जा’ आठवलं की आजही माझ्या कपाळावर आठी पडते. त्या बाई भल्या होत्या, म्हणून तर जास्त.

करमतं का. करमतं. सुरुवातीला जड जातं, मग सवय होते. भाजी कुठे मिळते ते कळतं, शेजारीण ओळखीची होते.

हे वाक्य लिहून पुढे जाणार होते, पण तू खरंच विचारलं असशील तर एवढंच उत्तर खोटं आहे. पोहोचल्यावर बाळाचं घड्याळ उलटं असतं. रात्री दोनला टक्क जागं, हसायला लागतं, खेळायला हवं असतं. सगळे म्हणतात तो काळ कठीण. शरीर ढोबळमानाने दिवसाला तासभर सरकतं, दिवसाच्या उजेडात बाहेर नेलं की जरा लवकर, म्हणून हेही जातं. मला मात्र तेच दिवस आवडले. इकडे मध्यरात्र, तिकडे दिवस, आई फोनवर. नवरा झोपलेला, मुलगी जमिनीवर लोळतेय, आणि मी आईशी काहीही बोलतेय, कुणाच्या घरी काय चाललंय, नळाला पाणी आलं का. मग मुलगी रात्रभर झोपायला लागली. सगळ्यांनी सुटल्यासारखा श्वास सोडला. रात्रीचे फोन बंद झाले, कारण जागं राहायला कारणच उरलं नाही, आणि दिवसा मी मोकळी असायचे तेव्हा तिकडे आई झोपलेली. मला एकटं वाटायला लागलं ते तेव्हापासून, सगळं सुरळीत झाल्यावर. तुझं तसं होईलच असं नाही. पण झालं तर, ‘आता तर सगळं छान चाललंय, मग मला काय झालंय’ म्हणून स्वतःवर चिडू नकोस.

आणि आता जे खरं सांगायचं होतं ते. आमच्याकडे अजून कुणी पाहुणे आले की नवरा सांगतो, ‘ही एवढ्याशा बाळाला घेऊन एकटी आली, बरं का!’ कौतुकाने सांगतो. पाहुणेही मान डोलावतात. मी चहाचे कप उचलते. त्याला सुट्टी मिळणं अवघड होतं, नवी नोकरी होती, जाऊन-येऊन दोन तिकिटांचा खर्च होता, सगळी कारणं खरी होती, आणि मीच म्हणाले होते की जमेल मला. जमलंही. इतक्या वर्षांत मी त्याला सांगितलेलं नाही की त्या कौतुकाचा मला राग येतो.

तू अजून तिकीट काढलेलं नाहीस असं दिसतंय. तर नवऱ्याला विचार, तो येऊन तुम्हाला घेऊन जाऊ शकतो का. नाहीतर तुझी आई, सासू, बहीण, कुणीतरी, निदान मधल्या विमानतळापर्यंत. त्याने ‘तुला एकटीला नाही का जमणार?’ असं विचारलं, तर ‘जमेल, पण मला तसं यायचं नाहीये’ म्हण. फोनवर म्हण, मेसेजमधे नको. आणि लसींच्या पत्रासाठी दवाखान्यात या आठवड्यातच जा, ते लोक वेळ लावतात.