माझा चष्म्याचा नंबर मायनस ३.५ आहे. क्वेस्ट ३ मध्ये (मेटाचा व्हीआर हेडसेट, म्हणजे डोळ्यांवर घालून आभासी दृश्यं बघायचं उपकरण) चष्म्याच्या नंबराच्या लेन्स बसवाव्यात का?

तुमचा नंबर मायनस ३.५ आहे म्हणता, मग बसवाच. चष्म्याची काच हेडसेटच्या भिंगाला घासली की ओरखडे कायमचे राहतात. सोलापुरात नवी पेठेत चष्मेवाल्याकडे नंबर ताजा काढून घ्या, सिलिंडर आणि अ‍ॅक्सिस (तिरप्या नंबराचे दोन आकडे) यांच्यासकट. डोळ्यांच्या दोन बाहुल्यांमधलं अंतरही मिलिमीटरमध्ये लिहून मागा, हेडसेटचं चाक फिरवून भिंगं जुळवताना तो आकडा लागतो.

ऑर्डर देताना नंबर लांबचाच द्या, वाचायचा नव्हे. स्क्रीन डोळ्यांच्या अगदी पुढ्यात असली तरी भिंगांमुळे चित्र मीटरभर तरी लांब असल्यासारखं दिसतं. इथेच बरेच जण चुकतात.

आणि कळकळीनं सांगतो, सोलापूरच्या उन्हात हेडसेट खिडकीपाशी उघडा ठेवू नका. भिंगांतून ऊन एकवटलं की आतला डिस्प्ले जळतो.