मे गुस्ता एल काफे : यात 'मी' कुठे गेला?

स्पॅनिशमध्ये 'मला कॉफी आवडते' म्हणजे 'मे गुस्ता एल काफे', तर त्यात 'यो' म्हणजे 'मी' का नाही, आणि कॉफी एकदम कर्ता कशी झाली, हा तुमचा प्रश्न वाचला आणि माझी जुनी वही आठवली. तिच्यात पहिल्याच पानावर मी लाल पेनने लिहिलं होतं, गुस्तार म्हणजे टू लाइक. या एका ओळीने माझं वर्ष खाल्लं.

आता हेच वाक्य मराठीत म्हणा. मला कॉफी आवडते. झालं की! मे म्हणजे मला, क्रियापद कॉफीप्रमाणे बदलतं. आंबे आले की 'आवडतात', तिकडे 'मे गुस्तान लोस मांगोस'. नाचायला आणि गायला आवडतं हे आपण एकवचनात म्हणतो, ते पण 'मे गुस्ता बाइलार इ कांतार', गुस्तान नाही. आणि 'यो गुस्तो एल काफे' कसं ऐकू येतं माहितीये? 'मी कॉफी आवडते'. कुठलं शेंबडं पोर तरी असं बोलेल का?

पण आमच्या क्लासमध्ये मराठी बोलायला बंदी. मी विचारलं तर उत्तर मिळालं, ही अपवादाची क्रियापदं आहेत, यादी पाठ करा. अपवाद कसले डोंबलाचे! दोलेर म्हणजे दुखणे, पारेसेर म्हणजे वाटणे (मे पारेसे के... म्हणजे सरळ मला वाटतं की...), फाल्तार म्हणजे कमी पडणे. आपल्या घरातलीच मंडळी सगळी, आणि मी त्यांना इंग्रजीच्या दारातून आत घेत बसले. डेले ए-दोसच्या (स्पॅनिशच्या ए-2 पातळीच्या प्रमाणपत्र परीक्षेच्या) तोंडी परीक्षेत सुरुवातीलाच 'यो गुस्तो ला मूसिका' निघून गेलं, चूक माझी मलाच कळली, आणि मग जी दातखीळ बसली ती बसलीच. तोंडी आणि ऐकण्याचे मार्क एकत्र धरतात, 50 पैकी 30 लागतात, ते नाही जमलं. वाचन-लेखनात पास होऊनही उपयोग शून्य, सगळी परीक्षा परत आणि फी पण परत भरायची. क्लासवाले म्हणाले, तुम्ही सराव कमी केला. असो.

मी काही शिक्षिका नाही, त्यामुळे हे माझं मत म्हणूनच घ्या, आणि मराठी सगळीकडे चालते असंही नाही. बहिणीला आंबे आवडतात म्हणताना 'आ मि एर्माना' म्हणून झालं तरी वर 'ले' लागतोच, 'आ मि एर्माना ले गुस्तान लोस मांगोस', म्हणजे बहिणीला तिला आवडतात. हा 'ले' मी अजूनही घाईत गाळते. कॉफीच्या आधीचा 'एल' (इंग्रजीतल्या 'द'सारखा) पण सोडायचा नाही, आणि कॉफी तिकडे पुल्लिंगी. भूक तर 'लागत' नाहीच, ती 'असते', तेंगो आम्ब्रे.

याउलट 'वेओ ला कासा' पण 'वेओ आ मि एर्माना', हा मधला 'आ' कशाला म्हणून लोक डोकं धरतात. आपण घर बघतो आणि बहिणीला बघतो, तोच आपला 'ला'.

आणि हो, कुणाचा स्वभाव आवडला म्हणून 'मे गुस्तास' म्हणू नका, त्याचा अर्थ 'तू मला आवडतोस' मधल्या त्या आवडण्याकडे जातो. 'मे काएस बिएन' म्हणा. हे मी घरमालकिणीच्या मुलाला बोलून मग शिकले, त्याबद्दल जास्त विचारू नका.